वाकेन पण मोडणार नाही

आमच्या कंपनीत बर्फ पाहिलेला माणूस एकच होता, आणि दुर्दैवाने तोच मालक होता. अमेय सर हनीमूनला स्वित्झर्लंडला गेले, तिथे एका फळीवर उभे राहून पाच फूट घसरले, आणि परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की स्नोबोर्डचे बूट आता भारतात बनले पाहिजेत. भारतात म्हणजे लोअर परळला. जुन्या मिलच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर ऑफिस घेतलं आणि मागच्या गल्लीतल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिक ओतायच्या मशीनसकट एक गाळा भाड्याने घेतला. मी तिथे कॉस्टिंगला होते. एका बुटाला काय काय लागतं आणि त्यातलं काय काय नाही लावलं तरी चालून जाईल, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळायचा.

बूट म्हणजे साधा नव्हे. हार्ड शेल, म्हणजे बाहेरून टणक प्लास्टिकचं कवच, त्यावर चार बकलं आणि आत मऊ मोजा. वळताना पायातला जोर जसाच्या तसा फळीत उतरला पाहिजे, म्हणून कवच ताठ हवं. किती ताठ, यावरच सगळा धंदा उभा. ते सांगू शकेल असा माणूस मिळवण्यासाठी आम्ही तीन महिने जाहिरात दिली. मोठमोठ्या डिग्र्या आल्या, त्यांचे अपेक्षित पगारही आले, आणि ते वाचून अमेय सरांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. शेवटी इमारतीच्या वॉचमनने मला लिफ्टपाशी अडवून सांगितलं, "मॅडम, माझ्या पोरीचा पाय ज्यांनी सरळ केला ते मेस्त्री रिटायर होऊन घरी बसलेत. विचारू का?"

असे मेस्त्री आले. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी लुळ्यापांगळ्या पायांना लावायचे प्लास्टिकचे आधार, म्हणजे स्प्लिंट, बनवले होते. राहायला लालबागला, मूळ मालवणकडचे. आडनाव मेस्त्री आणि कामही मेस्त्रीचंच, त्यामुळे हाक मारणारा मान देतोय की काम सांगतोय हे त्यांना कधी कळायचं नाही आणि त्यांनी ते कधी कळून घेतलंही नाही.

मुलाखतीला अमेय सरांनी त्यांना चाळीस स्लाइड दाखवल्या. मेस्त्री सगळा वेळ टेबलाखाली बघत होते. स्लाइड संपल्यावर म्हणाले, "शेट, तुमची उजवी टाच आत पडते. गुडघा दुखत असणार."

"थोडा दुखतो," अमेय सर म्हणाले. "म्हणजे कसं आहे, मी जिमला..."

"सांगू नका. चालून दाखवा."

आणि आमच्या कंपनीचे संस्थापक सहा नोकरांसमोर काचेच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवत होते. तिसऱ्या फेरीला मेस्त्रींनी आपल्या पिशवीतून चामड्याचा एक तुकडा काढून सरांच्या बुटात सारला. गुडघा दुखायचा आठवड्यात थांबला आणि मेस्त्री कामाला लागले. पद, 'बायोमेकॅनिक्स ॲडव्हायझर'. तसं छापलेली शंभर कार्डं त्यांना मिळाली. ती प्लास्टर खरवडायला फार बरी पडतात असं ते म्हणायचे आणि आणखी शंभर मागायचे.

आमच्याकडे सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची, असा नियम होता, कारण आम्ही एक कुटुंब होतो. मी जुन्या वळणाची, दादरची, म्हणून 'सर' म्हणायचे. मेस्त्री 'शेट' म्हणायचे. अमेय सर तीन वेळा म्हणाले, "मेस्त्री, प्लीज, फक्त अमेय म्हणा." चौथ्या वेळी मेस्त्री म्हणाले, "नावाने हाक मारली तर पगार कोणाकडे मागायचा?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. मला ते 'बाय' म्हणायचे, आणि सांगायला हरकत नाही, त्या ऑफिसात मला मिळालेलं ते एकच पद होतं जे ऐकायला मला आवडायचं.

चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. अकाउंट्सच्या दोन मुलींना ते वर्षभर एकच समजत होते. एक दिवस त्यातली एक चप्पल बदलून आली, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही नवीन लागली काय. आमच्या मालाबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "पस्तीस वर्षं लंगड्या माणसाला चालता करायचे पैसे घेतले," ते म्हणायचे. "आता चालत्या माणसाला लंगडा करायचे घ्यायचे. आणि हे जास्त देतात." पण बूट हातात घेतला की हा सगळा खवचटपणा गळून पडायचा. कवचाच्या आत बोटं घालून, डोळे मिटून, ते घोट्याची जागा चाचपायचे. हाडाला अर्धा मिलिमीटर कुठे टोचेल ते त्यांना तिथेच कळायचं.

तरी पहिला नमुना त्यांनी साफ चुकवला. स्प्लिंटमध्ये पाऊल आणि पोटरी यांच्यात नेहमी काटकोन ठेवतात, नाहीतर पाऊल लोंबतं आणि पेशंट अडखळून पडतो. मेस्त्रींनी बुटालाही चोख काटकोन दिला. ऑफिसात सगळ्यांनी गालिच्यावर तो घालून पाहिला. सगळे राष्ट्रगीताला उभं राहावं तसे उभे राहिले, फोटो काढले, आणि 'परफेक्ट' म्हणाले, कारण काय चुकलंय हे कळायलाही काहीतरी ठाऊक असावं लागतं.

मग नवांग आला. मनालीच्या वरच्या एका गावातला, पंचविशीचा, हसरा, बोलायला लाजणारा. गुलमर्गला आमच्या बुटाची चाचणी तो घेणार होता. चाचणी नीट झाली तर तिथल्या ट्रेनिंग कॅम्पला दोनशे जोड जायचे होते आणि नवांगला तिथे शिकवण्याची पक्की नोकरी मिळणार होती. त्याने बूट घातला, गुडघे वाकवायला गेला, आणि मागच्या सोफ्यावर बसला.

"उस्ताद, इसमें तो मैं पीछे गिरूँगा," तो म्हणाला. "घुटना आगे जाना चाहिए."

मेस्त्रींनी त्याला अनवाणी उभं केलं, फळीवर उभा राहतोस तसा राहा म्हणाले, आणि त्याच्याभोवती उकिडवे बसत बसत फिरले. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. आजवर माणसं पडू नयेत म्हणून काटकोन दिला. हा पडायलाच निघालेला माणूस आहे, ह्याचं गणित वेगळं." त्या ऑफिसात 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आमच्याकडे चुका होत नसत, 'लर्निंग' होत असे. मेस्त्रींनी तो नमुना त्याच दुपारी करवतीने कापला.

नवांगच्या पायाचं माप त्यांनी हॉस्पिटलच्या पद्धतीने घेतलं. पायावर पातळ मोजा चढवून जांभळ्या पेन्सिलीने एकेक हाड खुणावत गेले. डाव्या नडगीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही कधी मोडली?"

"दो साल पहले," नवांग म्हणाला. "पुराना बूट था, किसी टूरिस्ट का. मोड़ पे फट गया."

"जोडली कुणी?"

"गाँव में."

"दिसतंय," मेस्त्री म्हणाले आणि त्या जागी पेन्सिलीने दोनदा फुली मारली. नंतर मला म्हणाले, "बाय, हाड वाकडं जुळलंय. पुन्हा तिथेच मोडलं तर फळीवरचं सोड, हा शेतात पण उभा राहायचा नाही." त्या दिवसापासून मेस्त्रींच्या डोक्यात बूट नव्हताच, ती एक नडगी होती.

याच सुमारास अमेय सरांनी ऑफिसच्या भिंतीवर हातभर अक्षरांत 'मोडेन पण वाकणार नाही' असं रंगवून घेतलं, खाली आमच्या बुटाचं चित्र. मराठी बाणा आणि प्रॉडक्ट दोन्ही एका भिंतीत उरकलं. मेस्त्री त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"शेट, हे उलटं लिहिलंय."

"मेस्त्री, ही म्हण आहे."

"माणसाची आहे. बुटाने असं म्हणायचं नसतं. बूट जोर आला की वाकला पाहिजे, कितीही आला तरी मोडता कामा नये. ताठा ठेवायचा तो वाकता येईल इतकाच." अमेय सर हसले आणि रंगाऱ्याचं बिल माझ्याकडे पाठवलं.

आता माझा पराक्रम सांगते. कवचासाठी मूळ योजनेत पीयू होतं, बाहेरून येणारं महागडं प्लास्टिक. दोनशे जोडांचा हिशेब काही केल्या बसत नव्हता. मी तीन आठवडे खपून त्याच्या जागी पीपी बसवलं, ज्याच्या बालद्या, खुर्च्या आणि डबे होतात ते. किंमत निम्म्याहून खाली आली. वर गंमत अशी की पीपी जास्त ताठ आणि हलकंही. खर्च घटला, ताठपणा वाढला. अमेय सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मला महिन्याची सर्वोत्तम कर्मचारी म्हणून एक छोटं निवडुंग मिळालं. मी ते टेबलावर ठेवलं आणि रोज पाणी घालून मारलं.

मेस्त्रींनी नवा दाणा मुठीत घेतला. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, साबुदाण्यासारखा दिसतो. "बाय, हा माझा घरचा आहे," ते म्हणाले. "सगळे स्प्लिंट ह्याचेच केले. परळात एक नंबर चालतो. परळात बर्फ पडत नाही."

"म्हणजे?"

"थंडीत हा फुटतो."

मी म्हटलं, कागदावर तसं कुठे दिसत नाही. ते म्हणाले, उद्या गाळ्यावर ये.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात एक मोठा टब होता. मासळी बाजारातून आणलेली बर्फाची लादी फोडून, त्यात खडेमीठ घालून, पॉटचं आइस्क्रीम करतात तसा त्यांनी पीपीचा बूट त्यात पुरून ठेवला होता. दोन तासांनी तो बाहेर काढला, जाड मोजा चढवून स्वतःच्या डाव्या पायात घातला, बकलं आवळली आणि टेबलाची कड धरून नवांगसारखे पुढे झुकले. मी 'नको' म्हणेपर्यंत आवाज झाला. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा, त्याहून मोठा नाही. कवचाची धार मोज्यातून नडगीत घुसली होती. मोजा लाल व्हायला लागला आणि सदुसष्ट वर्षांचे मेस्त्री खाली वाकून तडा बघत होते. "वरच्या बकलाच्या भोकापासून गेलाय," ते म्हणाले. "लिहून घे." मी लिहून घेतलं नाही, रडायला लागले. मग त्यांनीच मला पाणी दिलं आणि फडकं कुठे आहे ते सांगितलं.

अमेय सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा ऐकून घेण्याचा कोर्स झालेला होता.

"लॅब रिपोर्ट आहे का?" ते म्हणाले.

"नाही. पण बूट फुटला ना."

"स्वाती, टबात मीठ टाकून टेस्टिंग होत नाही. लॅबचं बजेट बघ ना."

लॅबची ओळ खर्चातून मीच काढली होती, निवडुंगाच्या आधीच्या महिन्यात. चाचणी आठ दिवसांवर आली होती.

त्या आठवड्यात एकदा गाळ्यात गेले तर मेस्त्री एकटेच मशीनवर होते. सुरुवातीच्या नमुन्यांसाठी मागवलेल्या पीयूची अर्धी गोणी कोपऱ्यात पडून होती, ती उघडली होती. दाणा वाळवून, त्यात तोच निळा रंग मिसळून, त्यांनी एक जोड काढला. डाव्या कवचाला आतून, नडगीच्या जागी, जास्तीची जाडी दिली. बाहेरून पाहिला तर पीपीचा जोड कुठला आणि हा कुठला, ओळखू येईना. मला पाहून ते थांबले नाहीत. "काय बघतेस? लिही तुझ्या कागदात," म्हणाले. मी लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. नवांगचा पाय वाचणार होता आणि माझं बालदीचं प्लास्टिकही वाचणार होतं. दोन्ही एकदम कसं होईल, हा विचार मी केला नाही.

चाचणी झक्क झाली. मोठ्या पडद्यावर नवांग उतारावरून इतका झुकून वळत होता की त्याचा हात बर्फाला लागत होता. बुटाच्या आकाराचा केक आला. अमेय सरांनी बकलाच्या बाजूने सुरी घातली आणि घोषणा केली, "पीपी पास. सोमवारपासून दोनशे जोड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हातात ताटली होती तरी.

मेस्त्री केकला नव्हते. मी गाळ्यात जाऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "एक जोड वाचवला आणि दोनशे अडकवले. मीच पास केला गो तो दाणा." त्यांचा आवाज कापरा झालेला मी तेवढाच ऐकला. मला वाटलं, आता ते घरी जातील आणि गप्प राहतील, कारण त्यांच्या जागी मी तेच केलं असतं.

सोमवारी सकाळी ते वर आले. मीटिंग चालू होती. कंपनीत भांडवल घातलेल्या मंडळींकडून एक बाई आल्या होत्या, म्हणून टेबलावर काचेच्या ग्लासांतून लिंबाच्या चकत्या घातलेलं पाणी होतं. मेस्त्रींनी गुलमर्गहून परत आलेला बूट आणि लॉटमधला पहिला बूट असे दोन्ही टेबलावर ठेवले आणि खिशातल्या चाकूने दोन्हींच्या कडांच्या नखाएवढ्या चिपा काढल्या.

"मेस्त्री, आपण नंतर बोलू," अमेय सर म्हणाले.

"बोलायचं नाहीय, शेट. बघायचंय." त्यांनी समोरचा एक ग्लास ओढला, त्यातली लिंबाची चकती काढून बशीत ठेवली आणि दोन्ही चिपा पाण्यात टाकून बोटाने बुडवल्या. एक वर आली. दुसरी तळाला जाऊन बसली.

"तरंगतो तो बालदीचा दाणा. तुमच्या दोनशे जोडांचा," मेस्त्री म्हणाले. "बुडाला तो पीयू. नवांग ह्याच्यावर घसरला. बूट मी बदलला होता. बालदीचा घातला असता तर तो पोरगा आज हॉस्पिटलात असता."

अमेय सरांचे कान लाल झाले. "तुम्ही आम्हाला फसवलंत?"

"हो. फसवलं."

"आणखी कुणाला माहीत होतं हे?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. "स्वाती?"

मी तोंड उघडलं. शब्द निघण्याआधीच मेस्त्री म्हणाले, "तिला काय ठाऊक? ती कागदावरची. गाळ्यात येते कधी?" आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. कामाच्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ ओळी खोडल्या आहेत, पण त्या दिवशी जे खोडलं ते अजून मला खुपतं.

भांडवलवाल्या बाईंनी ग्लास उचलून उजेडात धरला, थोडा हलवून पाहिला. चीप तळालाच राहिली. "लॉट थांबवा," त्या म्हणाल्या. "पीयूमध्ये करा." आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या. मेस्त्रींनी चकती पुन्हा ग्लासात टाकली आणि बाहेर पडले.

पीयूमध्ये करा म्हणणं सोपं असतं. मला पुन्हा शीट उघडावी लागली. भिंतीवरची म्हण पुसून मेस्त्री म्हणाले तशी रंगवायचं आता ठरलं होतं, तो खर्च काढला. खोक्यावरची सोनेरी छपाई काढली, बूट ठेवायची पिशवी काढली. तरी बसेना. अमेय सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि बाराव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "डिझाइन तर आता झालंच आहे ना? मग हे कशाला?" बारावी ओळ मेस्त्रींची होती, त्यांचं वर्षभराचं मानधन. विश्वासघाताबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. फक्त ओळ गेली आणि बेरीज बसली.

शनिवारी मेस्त्री सामान न्यायला गाळ्यात आले. मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसले होते, दाण्याच्या गोण्या उतरवून घ्यायच्या होत्या. त्यांनी आपली करवत, कानशी आणि नवांगच्या पायाचा प्लास्टरचा साचा पिशवीत भरला. मग माझ्या पाठीशी येऊन चष्मा लावला आणि शीट वरून खाली, बोटाने, एकेक ओळ वाचली. अनुक्रमांकात अकरानंतर एकदम तेरा आला तिथे बोट किंचित थांबलं.

"बसलं काय गो आता?" त्यांनी विचारलं.

"बसलं," मी म्हणाले.

"पीयूच ना?"

"पीयूच."

"मग बरां झाला," ते म्हणाले आणि पिशवी उचलली. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. त्या शब्दांची मला सवय नव्हती. नडगीची जखम भरली नसावी, डावा पाय जपून टाकत ते जिन्याकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले, मग शीट सेव्ह केली आणि सरांना पाठवली.